आधी सर्वांत मोठा कोन काढा

एकांनी लिहिलंय की त्रिकोणाच्या तिन्ही बाजू माहीत असतील तर कोसाइन नियमाने (तीन बाजूंवरून कोन देणारं सूत्र) कुठलाही एक कोन काढा, मग उरलेले साइन नियमाने (बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाची साइन, हे तिन्ही बाजूंना सारखंच) सहज निघतात. पहिलं अर्धं वाक्य पटलं, दुसऱ्यात मात्र खरा खड्डा आहे. मखमलाबादला काकांच्या द्राक्षबागेचा त्रिकोणी तुकडा आम्ही टेपने मोजला होता: बाजू ४०, ६५ आणि ९० मीटर. मी कोसाइनने ४० समोरचा कोन काढला, २३.५६ अंश. मग ९० समोरच्यासाठी साइन नियम लावला, कॅल्क्युलेटरने ६४.०६ दाखवलं. तिसरा कोन वजाबाकीने ९२.३८ आला. म्हणजे ६५ च्या बाजूसमोर सगळ्यांत मोठा कोन! हे शक्यच नाही, तो सर्वांत मोठ्या बाजूसमोरच, म्हणजे ९० समोर असायला हवा. ९० समोरचा खरा कोन ११५.९४ अंशांचा होता. ६४.०६ आणि ११५.९४ यांची बेरीज १८०, म्हणून दोन्हींची साइन एकच, आणि कॅल्क्युलेटर उलट्या साइनचं (साइनवरून कोन काढण्याचं) उत्तर ९० अंशांच्या आतलंच देतो.

अशा वेळी क्षेत्रफळ तपासून चूक सापडत नाही, हे तर मला फारच महत्त्वाचं वाटतं. ½ × ४० × ६५ × त्यांच्यामधल्या कोनाची साइन हे सूत्र ६४.०६ घातलं काय नि ११५.९४ घातलं काय, ११६९ चौरस मीटरच देतं, साधारण साडेअकरा गुंठे. आकडा सातबाऱ्याशी जुळतो, पण त्या कोनाने आखणी केली तर कोपऱ्याचा खांब भलतीकडे रोवला जाईल. म्हणून कोसाइन नियम आधी सर्वांत मोठ्या बाजूसमोरच्या कोनाला लावायचा. उरलेले दोन लघुकोनच असतात, तिथे साइन नियम खुशाल वापरा.