पासपोर्टातला 'लेट' : जाऊ देणारा की अडवणारा?

शब्दवेडी:
ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीसाठी पासपोर्टावरच्या, राष्ट्रपतींच्या नावे केलेल्या विनंतीचं मराठी करतेय. 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'पाशी अडले. मी 'अडथळा वा आडकाठी न आणता' लिहिलं. तपासणारे काका म्हणतात, लेट म्हणजे होऊ देणे, तुम्ही उलट अर्थ लावलात. मग 'मुभा न देता जाऊ द्यावे' असं लिहायचं का?

जुनापाना:
तुमचंच बरोबर आहे. मुळात हे दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत 'लॅटन' म्हणजे सोडणे, जाऊ देणे. घर भाड्याने देणे हा अर्थही त्यातलाच, म्हणून 'टू लेट'ची पाटी. 'लेट्टन' म्हणजे अडवणे, खोळंबून ठेवणे. हा 'संथ' अशा अर्थाच्या 'लॅट'वरून आला, आणि 'गाडी लेट आहे' यातला लेटही त्याच 'लॅट'चा वंशज. पुढे दोन्ही क्रियापदांची रूपं एक झाली आणि अडवणारा मागे पडला. १६११ च्या किंग जेम्स बायबलात मात्र तो 'रोखणे' या अर्थाने सरळ भेटतो.

टेटेप्रेमी:
मैदानात तो अजून आहे की! टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे नीट पडली की पंच 'लेट' देतात, गुण कुणालाच नाही. आमचे सर सांगायचे, हा 'नेट'चाच अपभ्रंश.

जुनापाना:
जाळीला न लागताही लेट देतात ना? समोरचा तयार नव्हता, किंवा शेजारच्या टेबलावरचा चेंडू मध्येच आला. खेळात व्यत्यय आला, एवढाच अर्थ.

कोर्टकचेरी:
इंग्रजी खरेदीखतांतही ही जोडी असते. ताई, सरळ 'बिनहरकत' लिहा.

मायमराठी:
हरकत अरबी आहे. 'निर्वेध', 'अटकाव' असे शब्द असताना ती कशाला?

कोर्टकचेरी:
ग्रामपंचायतीत लोक 'ना हरकत' दाखला मागतात. त्यांना कुठला शब्द शिकवणार आहात?

षड्ज:
अरबीत हरकत म्हणजे हालचाल! गवयाची हरकत, ती स्वरांची चपळ छोटी जागा, मूळ अर्थाला धरून आहे. हिंदीत ती कृती किंवा खोडी झाली. मराठीत मात्र वाट अडवून उभी राहिली. म्हणजे लेटसारखीच गत, फक्त इथे शब्द एकच आहे.

मायमराठी:
म्हणूनच म्हणतो, इतका फिरलेला शब्द अधिकृत मजकुरात नको. 'आडकाठी' बघा, वाटेत आडवी घातलेली काठी डोळ्यांसमोर येते.

कोर्टकचेरी:
आडकाठी छानच. पण फिरलेला अर्थ आता आपलाच आहे. 'काही हरकत नाही' म्हणताना कोण अडखळतं?

शब्दवेडी:
सोमवारी मजकूर छापायला जातोय. 'हरकत' की 'आडकाठी', एक काहीतरी सांगा!

षड्ज:
गाणाऱ्यांपैकी कुणी आहे का इथे? हरकत आणि मुरकी यांत तुमचे गुरुजी नेमका काय फरक सांगतात?