जुळे सोलापुरात यूल करायचाय, जावई पेगन आहे. कुणाला अनुभव?

सातरस्ता_सायंकाळ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाय, हसायचं असेल तर हसून घ्या मग उत्तर द्या. धाकटी बहीण एडिंबराला असते, तिनं तिकडच्याच पोराशी लग्न केलं. पोरगा चांगलाय, कडक भाकरी आमटीत चुरून खातो, पण तो पेगन आहे. म्हणजे ख्रिश्चन नाही, नास्तिक पण नाही, ऋतूंचे सण करतो, वर्षात आठ. लग्न पण तसंच झालं, हँडफास्टिंग म्हणतात, दोघांचे हात दोरीनं बांधतात आणि वचनं देतात घेतात, आणि स्कॉटलंडात पेगन सेलिब्रंटनं लावलेलं लग्न कायद्यानं चालतं. दोरी म्हणून बहिणीनं आईच्या इरकल साडीचा काठ फाडून नेला होता, चाटी गल्लीतनं घेतलेली साडी, आई एकवेळ लग्नाचं विसरेल पण त्या काठाचं नाही.

तर आता ते दोघं आणि सहा महिन्यांची पोरगी १५ डिसेंबर २०२५ ला येतायत, गड्डा (सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) बघून जाणार. जावईबापूंना २१ तारखेला यूल करायचाय, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, सूर्य उगवेपर्यंत दिवा नाहीतर शेकोटी जागती ठेवायची, आणि त्याच दिवशी पोरीचं नाव ठेवायचा त्यांच्यातला विधी. आई म्हणते बारसं म्हणजे बारसं, पाळणा पाहिजे, आत्यानं कानात कुर्रर्र केलं पाहिजे. बाबांनी नेटवर पेगन टाकून बघितलं, चेटकीण फिटकीण कायकाय निघालं, तवापासून गप्पच आहेत. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीत शेकोटी कुठं पेटवू? पोरीचं नाव ठेवायला जायचो आणि लोक आम्हालाच नावं ठेवायचे. काय लागतं, काय टाळायचं, सांगा.

गूळ_आणि_हुरडा

का बे, आपले सण कमी पडले का? आपल्याकडं उत्तरायण संक्रांतीला, तवाच करा म्हणावं काय करायचं ते, तीळगूळ पण होईल. आणि खरंच शेकोटी बघायची असेल तर होम मैदानावर न्या त्याला. भोगीला अक्षता, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, दुसऱ्या दिवशी होम. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, पोरगं यूल बील विसरून जाईल. होमाच्या रात्री वासराची भाकणूक पण दाखवा. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, भाजीपाला ठेवतात, ते कशाला तोंड लावतं, बिचकतं का, मुततं का यावरनं पुढच्या वर्षीचा पाऊस आणि भाव सांगतात. याच्यापेक्षा मोठा ऋतूचा सण कुठला असणाराय.

लीड्स_रिटर्न

नऊ वर्षं इंग्लंडमध्ये होते, शेजारीण पेगन होती त्यामुळे थोडंफार माहितीय.

आधी बाबांचं. चेटकीण दिसते त्याचं कारण असं की या नव्या पेगन मंडळींतला एक मोठा गट विक्का, आणि त्यातले काही स्वतःला अभिमानानं विच म्हणवतात. ब्रिटनमध्ये जुना विचक्राफ्टचा कायदा १९५१ ला रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थानं हे उघडपणे मांडायला सुरुवात केली. भूत उतरवणं, करणी, पैसे उकळणं यातलं तुमचा जावई काही करत नाही, मेणबत्त्या लावून बसतो. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मेणबत्तीला लागत नाही, बाबांना निवांत झोपायला सांगा :)

दुसरं, जावयालाही हळूच विचारा, पण आठ सणांचं ते अख्खं चाक काही हजारो वर्षांपूर्वीचं नाही. सावन (Samhain, आपला श्रावण नव्हे), बेल्टेन हे सुटे सुटे सण जुनेच, आयर्लंड-स्कॉटलंडातले गुराढोरांचे, उन्हाळी कुरणावर सोडायच्या आधी दोन जाळांमधनं गुरं हाकायची वगैरे. पण आठ समान पाकळ्या करून एकत्र ओवले ते १९५० च्या दशकात, गार्डनर आणि त्यांचे ड्रुइड दोस्त रॉस निकोल्स यांच्या आसपास. माबॉन हे सप्टेंबरच्या सणाचं नाव तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसानं दिलेलं. हे मी हिणवायला सांगत नाही. उलट माझी शेजारीणच म्हणायची की जे आम्हीच जुळवलं ते आम्ही हलवू पण शकतो. ऑस्ट्रेलियातले बरेच पेगन यूल जूनमध्ये करतात कारण त्यांचा हिवाळा तेव्हा.

म्हणून @गूळ_आणि_हुरडा, संक्रांतीला करा हे पटत नाही. सूर्य खरा वळतो डिसेंबरात, यंदा २१ तारखेला रात्री ८ वाजून ३३ मिनिटांनी. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरनं मोजलेलं, त्यामुळे संक्रांत साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकत १४ जानेवारीवर आली. दोन्ही एकच होतं पण आता नाही. त्याला सूर्याचा दिवस पाहिजे तर २१ च.

आणि उगाच जोड्या लावत बसू नका, हा सण म्हणजे आपला तो सण. एडिंबराला त्या दिवशी सूर्य जेमतेम सात तास असतो, दुपारी पावणेचारला अंधार. तिथं सूर्य परत येणार म्हणून माणसाच्या पोटात आनंद होतो. सोलापुरात त्याच दिवशी ११ तास ऊन! आणि आपण सूर्याची वाट बघत नाही, मेमध्ये ४३ डिग्रीला तो कधी जातोय याची वाट बघतो. १ मेला बेल्टेनची शेकोटी इथं पेटवून दाखवा. त्यापेक्षा जावयाला सांगा सोलापूरचं स्वतःचं काहीतरी आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस इथं भर दुपारी सावली नाहीशी होते, सूर्य बरोब्बर डोक्यावर. एडिंबरात हे कधीच होत नाही. ऑगस्टमध्ये ढग असतात म्हणा. पण मेमध्ये गच्चीवर तांब्या ठेवून बघा, सावली तांब्याच्या बुडाखाली जाते, मी लहानपणी बघितलीय, पाय भाजले होते ते वेगळं.

येळवस_अक्कलकोट

अहो पण तारीख बघितली का कुणी? यंदा मार्गशीर्ष अमावस्या १९ डिसेंबरला, वेळ अमावस्या, आमची शेतातल्या पूजेची येळवस! यूलच्या दोन दिवस आधी. हे दर वर्षी जमत नाही, मागल्या खेपेला ३० डिसेंबरला होती आणि त्याच्या आधी ११ जानेवारीला. तुमच्या जावयाचं नशीब जोरात आहे मालक.

लीड्सताई म्हणतात जोड्या लावू नका, बरोबर आहे, मी लावत नाही. फक्त शेतात न्या म्हणतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, आमच्यात त्यांना पांडव म्हणतात. आदल्या रात्री बायका झोपत नाहीत, भज्जी शिजत असते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हं, हरभरा तूर वाटाणा वाल शेंगा, मेथी पालक चुका, सापडंल ते सगळं एका पातेल्यात बेसन लावून. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबील, मडक्यात दोन दिवस आंबवलेली, वरनं लसणाची फोडणी. ते मडकं घोंगड्यात गुंडाळून डोक्यावर शेतात न्यायचं. मग पूजा झाली की ज्वारीत चौफेर आंबील शिंपडत फिरायचं, पुढचा ओरडतो होलगे होलगे आणि मागचे ओरडतात सालम पलगे. कानडी आहे म्हणतात, अर्थ आजोबांना पण माहीत नव्हता, पण आवाज बसेस्तोवर ओरडायचं. ज्वारी तवा पोटरीत नाहीतर निसवलेली असते, कमरेच्या वर, ओली लागते हाताला.

गेल्या वर्षी पुण्याचे पाहुणे आणले होते, त्यातल्या एकानं शिंपडायच्या आधीच आंबील पिऊन संपवली, आईनं मग नुसतं ताक शिंपडलं. त्या तुकड्याला बाकीच्यापेक्षा कमी ज्वारी झाली असं ती अजून म्हणते, तिथं खडक आहे हे तिला पण माहितीय.

पूर्वभाग_पोरगी

मी पूर्व भागातली, पद्मशाली. आमच्याकडं बतुकम्मा असते, पितृ अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत, फुलांचा गोपुरासारखा थर लावायचा, भोवती टाळ्या वाजवत गाणी म्हणत फेर धरायचा आणि मग पाण्यात सोडायची. आजोबा मागावर बसायला तेलंगणातनं आले तेव्हा सण पण सोबत आणला. तिकडं माळावरची तंगेडूची फुलं, इथं बाजारातला झेंडू शेवंती, आजीनं कधी तक्रार केली नाही. त्यामुळं सण दुसऱ्या गावात नेला की खोटा होतो असं मला तरी वाटत नाही. त्याचा यूल जुळे सोलापुरात झाला तर काय बिघडतं.

बारशाचं सांगते कारण खरी भांडणं तिथं होणार. दोन्ही एकात मिसळू नका!! माझ्या चुलतभावाच्या लग्नात दोन पद्धती एकत्र केल्या, कुणालाच आपलं लग्न झाल्यासारखं वाटलं नाही. सकाळी बारसं, पाळणा, घुगऱ्या, सगळं आईच्या हुकमानं. संध्याकाळी जावयाचं. ते लोक बहुतेक गोल करून उभे राहतात, चार दिशा, वारा अग्नी पाणी माती यांना बाळ दाखवतात. स्कॉटलंडात जुनी सेनिंग म्हणून पद्धत आहे, जुनिपरच्या फांद्यांचा धूर करून बाळाला, घराला शुद्ध करायचं. आता हे आईला कसं सांगायचं तर धुरी म्हणून सांगा. ओवा, बाळंतशेप, वावडिंग निखाऱ्यावर टाकून आपण बाळाला देतोच की. फक्त धूर बेतानं, दार उघडं ठेवून, सहा महिन्यांच्या पोरीला खोकला लागला तर दोन्ही धर्म तुमच्यावर उलटतील.

शेकोटीचं म्हणाल तर गच्चीवर नको, सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी नोटीस लावेल. समई लावा मोठी. सात वाजेपर्यंत तेल घालायला कुणीतरी जागं राहिलं की झालं.

गूळ_आणि_हुरडा

घुगऱ्यांना मला पण बोलवा. नाव काय ठेवताय?

सातरस्ता_सायंकाळ

थँक्यू सगळ्यांना. काल आईला वाचून दाखवलं. ती धुरीवर अडली, म्हणाली मग एवढं इंग्रजीत कशाला सांगत होता तो. बाबा पहिल्यांदा बोलले, समईत तेल मी घालतो म्हणाले, तसंही त्यांना तीननंतर झोप नसते. बहिणीला फोन केला तर तिनं नवीन काढलं, पोरीला गुंडाळायला त्याच इरकलीचा राहिलेला भाग पाहिजे म्हणे. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. पाच मिनिटांनी कपाटाचा आवाज आला, म्हणजे देणार बहुतेक.

नाव अजून ठरलं नाही, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

@येळवस_अक्कलकोट मालक, १९ तारखेला आम्ही सात जण आलो तर चालेल का, सोबत काय आणू? आणि जावयाला यूलसाठी एक ओंडका पाहिजे, तिकडं ओकचा घेतात, इथं ओक कुठला. तुमच्या बांधावर वाळलेली बाभळ असेल तर हातभर तुकडा ठेवाल का? जाळायचा नाही, नुसता समईशेजारी ठेवायचा.