वकिलाशिवाय दावा, पण कोर्ट फीचं काय?

प्रश्न (रावेर): केळीच्या थकीत पैशांसाठी शेतकरी स्वतःच दावा लावणार आहे. फी परवडत नाही. माफी मिळते का?

उत्तर (जळगाव): भाऊ, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून अर्ज करा. स्थावर-जंगम मालमत्तेची अंदाजे किमतीसह यादी जोडा. अर्ज स्वतः हजर राहून द्या. आधीच्या २ महिन्यांत लबाडीने जमीन दुसऱ्याच्या नावे केली असेल, तर अर्ज फेटाळतात. आणि ही माफी नव्हेच. जिंकलात तर निकालाच्या रकमेतून सरकार फी आधी वसूल करतं.

उत्तर (धुळे): अर्ज फेटाळला तरी फी भरायला न्यायालय मुदत देऊ शकतं. वेळेत भरली की दावा अर्जाच्या तारखेचाच धरतात. म्हणून दाव्याची ३ वर्षांची मुदत उलटायच्या आत अर्ज द्या!

उत्तर (नंदुरबार): अनुसूचित जमातीच्या पक्षकाराला उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. तालुका विधी सेवा समितीत विचारा.