प्रतिसाद: ग्रासला अर्धा दिवस पुरेल का?

दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराहून आठ जणांच्या व्हॅनने एका दिवसात अत्तरांचं गाव ग्रास, आणि गुर्दों व सँ-पॉल ही जवळची डोंगरावरची गावं होतील का, असा प्रश्न इथे आलाय. होतील, पण ग्रासला निदान तीन तास ठेवा.

अत्तराच्या कारखान्याची चक्कर वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते आणि दुकानात संपते. खरी गोष्ट कळते ती तिथल्या अत्तराच्या संग्रहालयात. ग्रास मुळात चामडं कमावणाऱ्यांचं गाव. हातमोज्यांचा वास घालवायला ते सुगंधी करू लागले, आणि पुढे सुगंधच मुख्य धंदा झाला. तिथला जास्मिन म्हणजे आपली जाईच! खुडल्यावरही ती तासन् तास दरवळत राहते, म्हणून पूर्वी काचेवर चरबी थापून त्यावर फुलं पसरायचे, रोज ताजी बदलायचे आणि शेवटी अल्कोहोलने चरबीतला सुगंध काढून घ्यायचे. हे समजल्यावर मला गजऱ्याचा वास वेगळाच जाणवू लागला. ग्रास परिसरातल्या या अत्तरविद्येला २०१८ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

गुलाब मे महिन्यात, जाई ऑगस्टपासून. तारखा त्याप्रमाणे ठरवा.

गुर्दोंला दरीचं दृश्य पाहून निघा. सँ-पॉलला मात्र दुकानं सोडून गावाच्या टोकाच्या दफनभूमीत जा, तिथे चित्रकार शागाल विसावलाय.