मदत हवी आहे: भेटी रद्द झाल्या की मिशनवरच्या भावाला धीर कसा द्यावा?
माझा धाकटा भाऊ आमच्या चर्चच्या (लोक मॉर्मन म्हणतात) बंगळुरू मिशनमध्ये, म्हणजे लोकांना भेटून धर्माबद्दल सांगायच्या पूर्णवेळ सेवेत आहे. २४ महिन्यांपैकी ९ झाले. रोज रात्री सोबतच्या मिशनरी जोडीदाराबरोबर दुसऱ्या दिवसाची आखणी करतो, दोन बस बदलून पोचतो, आणि दाराला कुलूप! गेल्या आठवड्यात सहापैकी पाच भेटी अशाच गेल्या. सोमवारी व्हिडिओ कॉलवर हसत होता, पण ताईला कळतंच ना. "मीच कमी पडतोय का गं?" म्हणाला. प्रार्थना कर, एवढंच मला सुचलं. ते अपुरं वाटलं.

मिशन करून आलेल्यांनो, भेट हुकली की तो रिकामा तास तुम्ही कसा भरायचात? पर्यायी घरं आधीच लिहून ठेवायचात का? आणि घरच्यांच्या कुठल्या बोलण्यानं उभारी यायची, कुठलं टोचायचं? पुढच्या सोमवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.