कुलाब्यातलं जुनं की खारमधलं नवं?

राजारामपुरी
"मुंबईत दोन रात्री काढायच्या तर कुलाब्यातलं जुन्या इमारतीतलं बुटीक हॉटेल डोळे झाकून घ्या, खारमधलं नवं नुसतं फोटोपुरतं." कोल्हापूरकरांना दिलेला मंगळवार पेठेचा कालचा हा सल्ला वाचून गप्प बसवेना. डोळे झाकून खोली घेतली की आत गेल्यावर कळतं, खिडकीच नाही. जुन्या इमारतीतले मोठे दिवाणखाने दुभागून खोल्या पाडलेल्या असतात. रस्त्याकडच्यांना उंच खिडक्या मिळतात, आतल्या खोल्या डक्टवर, म्हणजे इमारतीच्या मधल्या बंदिस्त पोकळीवर उघडतात. "अमुक रुपयांपासून पुढं" असा जो दर दिसतो तो आतल्या खोलीचा. काही ठिकाणी त्या दरात बाथरूमही सामायिक असतं. फोन करून विचारा: खिडकी कुठं उघडते, बाथरूम खोलीतच आहे का, लिफ्ट आपल्या मजल्यापर्यंत येते का. लाकडी तुळया नि लाकडी तक्तपोशी असेल तर वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी खाली ऐकू येतं, म्हणून सगळ्यात वरचा मजला मागायचा.

फोटोवरून खोली मोजताही येते. मोठा डबल बेड साधारण सहा फूट रुंद असतो. त्याच्या कडेला भिंतीपर्यंत अर्धा बेडही मावत नसेल तर बॅग उघडायला जागा नाही. कोपऱ्यातून काढलेला फोटो मात्र धरू नका, त्यात खोली ताणलेली दिसते.

मंगळवार पेठ
सल्ला माझा आहे आणि मी तो मागं घेत नाही. रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेस बघत वाढलेल्या गावाला जुन्या बांधकामाची किंमत कळायला पाहिजे. जाड भिंती, बारा-चौदा फुटांवर छत, दुपारी एसी बंद ठेवला तरी खोली तापत नाही. बाहेर पडलं की गेटवे, काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी सगळं चालत जाण्याजोगं. ओव्हल मैदानाकाठच्या इमारती तर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्या बघायला खारहून रोज तासभर घालवायचा?

आणि तुमच्या त्या नव्या डिझाइनमध्ये बाथरूमला काचेची भिंत असते, कधी कधी दारही नसतं. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यानं काय करायचं? बोला की!

उद्यमनगर
काचेचं जाऊ दे, पडदा मागता येतो. खरा घोळ जमिनीचा. शॉवरच्या जागेला उंबरा नाही आणि जाळीकडं फुटाला पाव इंच तरी उतार नाही, तर पाणी थेट बेडपर्यंत येतं. त्यात घोटलेल्या सिमेंटची गुळगुळीत जमीन. ओली झाली की म्हातारं माणूस घसरणारच.

गिझरही विचारा. १५ लिटरचा असला आणि वर पावसासारखा शॉवर, जो मिनिटाला दहा-बारा लिटर ओढतो, तर गार पाणी मिसळूनसुद्धा तीन मिनिटांत गरम पाणी संपलं. दोघांना २५ लिटरचा लागतो, नाहीतर बादली मागायची. हे जुन्या-नव्या दोन्ही हॉटेलांना लागू आहे. त्यामुळं मंगळवार पेठवाल्यांनी उड्या मारू नयेत.

कसबा बावडा
तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. आपण महालक्ष्मी एक्सप्रेसनं जातो. सात-साडेसातला सीएसएमटी, आणि खोली मिळणार दुपारी दोनला. बॅगा बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. प्रश्न अंघोळीचा आहे. बुकिंग झाल्या झाल्या लेखी विचारायचं: आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर लवकर द्याल का, आणि त्याचे पैसे किती? तोंडी "बघू" म्हणजे नाही. स्टेशनच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवणार असाल तर प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे, त्याशिवाय घेत नाहीत.

खारला जाणाऱ्यानं दादरलाच उतरावं. पुलावरून पश्चिम रेल्वेला जायचं आणि स्लो लोकल धरायची. बॅगा जड असतील तर सीएसएमटीहून हार्बरची गोरेगाव लोकल थेट खार रोडला थांबते, दादरचे जिने चढायची गरज नाही.

मंगळवार पेठ
म्हणजे रात्रभर गाडीत बसून पुन्हा लोकल! कुलाब्याला काळी-पिवळी टॅक्सी दहा-पंधरा मिनिटांत पोचवते.

राजारामपुरी
आणि दिवसभर टॅक्सीच लागते, कारण रिक्षा वांद्र्याच्या अलीकडं येतच नाही. खारला कोपऱ्यावर रिक्षा मिळते. परतीला संध्याकाळी सीएसएमटीकडं येणाऱ्या लोकल उलट दिशेच्या मानानं मोकळ्या असतात. नकाशा बघून बोला, राव.

लक्ष्मीपुरी
दोघंही दराचं बोलत नाही. दोन्ही हॉटेलं साडेसात हजारांच्या घरात आहेत आणि गोम तिथंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८. म्हणजे ७,५०० च्या खोलीचे ७,८७५ होतात आणि ७,६०० च्या खोलीचे ८,९६८. दरात शंभराचा फरक, बिलात १,०९३ चा!

शुक्रवारी ७,२०० दाखवणारी खोली शनिवारी ७,९०० होते. एकीवर कर ३६०, दुसरीवर १,४२२. नाश्त्यासकट एकच दर घेतला आणि तो ७,८०० झाला तर सगळ्या रकमेवर १८ टक्के, एकूण ९,२०४. तीच ७,२०० ची खोली नाश्त्याशिवाय करासकट ७,५६० ला पडते. उरलेल्या सोळाशेत दोघांनी बाहेर पोटभर खावं.

मंगळवार पेठ
इमारतीच्या सौंदर्यावर बोलतोय आणि तुम्ही दुकानाची वही उघडून बसलात. माणूस वर्षातून एकदा जातो, तिथंही हिशेबच करायचा का?

लक्ष्मीपुरी
करायचाच. पैसे घाम गाळून येतात. आणखी ऐका. आदल्या आर्थिक वर्षात हॉटेलातल्या एका जरी खोलीचा दर ७,५०० च्या वर गेला असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के लागतो, नाहीतर ५. तुमची खोली स्वस्तातली असली तरी चहा महागच. वर सेवाशुल्क लावलं असेल तर काढा म्हणून सांगायचं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच ते आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. लोक लाजून देतात, याची चीड येते मला.

ताराबाई पार्क
दादा, भांडू नका. सासूबाई बरोबर आहेत, गुरुवार-शुक्रवार जायचंय, जहांगीरमधलं प्रदर्शन बघायचंय. काय घेऊ?

राजारामपुरी
ताई, जहांगीरलाच जायचं असेल तर कुलाबा. एवढं मी मान्य करतो. पण रस्त्याकडची खोली आणि लिफ्ट, दोन्ही लेखी घ्या.

मंगळवार पेठ
खिडकीचं विचारायचं हे तुमचं बरोबर होतं. पण खार नको म्हणजे नकोच.

लक्ष्मीपुरी
नाश्त्याशिवायचा दर घ्या. दोन्ही रात्रींचा दर वेगवेगळा लिहून मागा.

उद्यमनगर
आणि बादली.