मदत हवी आहे: रुग्णालयातल्या मेडिकलमधूनच औषधं घ्यायची सक्ती, दाद कुठे मागायची?

सासरे पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत आहेत. (नाव मुद्दाम देत नाही, माणूस अजून आत आहे.) रोज खालच्या मेडिकलमधून औषधांची पिशवी वर जाते. त्यातल्या एका अँटिबायोटिक इंजेक्शनची छापील किंमत 2,840 रुपये. तेच कंटेंट, तोच डोस, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचं, सदाशिव पेठेतला होलसेलवाला पक्क्या बिलावर 700 ला द्यायला तयार आहे. सिस्टर म्हणाल्या, बाहेरचं चालत नाही. आरएमओंनी (रुग्णालयातले निवासी डॉक्टर) बनावट औषधांची भीती घातली. भीती अगदीच खोटी नाही, पण मग बिल आणि बॅच नंबर असतात कशाला?

खरी गोम अशी की मेडिकलने छापील किमतीवर एक रुपयाही जास्त लावलेला नाही. शोधल्यावर कळलं, 2018 मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारं केंद्राचं प्राधिकरण) दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती. खरेदी किमतीवर 1737 टक्क्यांपर्यंत नफा निघाला. तोसुद्धा बहुतेक ठिकाणी एमआरपी न ओलांडता, कारण घाऊक खरेदी करणारी रुग्णालयं कंपन्यांना एमआरपीच फुगवून छापायला लावतात. किंमत नियंत्रणात नसलेल्या औषधाची एमआरपी वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, पण मुळात किती छापायची याला धरबंध नाही. कॅन्सरच्या 42 औषधांना 2019 मध्ये 30 टक्के मार्जिनची मर्यादा लागली, आमचं इंजेक्शन त्यात बसत नाही.

औषध कंपन्यांसाठीच्या मार्च 2024 च्या मार्केटिंग संहितेत डॉक्टरांना भेटवस्तू आणि परदेशवाऱ्या देण्यावर बंदी आहे, पण तक्रार जाते कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडे! सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रुग्णालयांतल्या मेडिकलचा प्रश्न राज्यांच्या धोरणावर सोडला. त्यानंतर आपल्या एफडीएने (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) 'इथूनच औषधं घेणं बंधनकारक नाही' असा फलक लावायला सांगितलं, असं वाचलं. इथे तरी तो कुठे दिसला नाही.

कुणी एफडीएच्या पुणे कार्यालयात अशी तक्रार केली आहे का? पेशंट आत असताना करावी की डिस्चार्जनंतर? आणि डॉक्टरांकडून ब्रँडऐवजी जेनेरिक (म्हणजे औषधातल्या मूळ घटकाच्या) नावाने चिठ्ठी कशी मागितली, म्हणजे वाकडं न येता मिळाली? कुणी एमआर (औषध कंपनीचे प्रतिनिधी) किंवा केमिस्ट असाल तर मोकळेपणाने लिहा, व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल. कॅशलेस विमा नाही, बिल आम्हीच भरतोय.